शेळीला घातलेली शिट्टी

जुईनं शेळीला बोलवायला शिट्टी घातली, आणि हणमंतादादाच्या यांत्रिक पंजातनं चहाचा कप खाली पडला. तिनं पुन्हा तशीच शिट्टी घातली, तर पंजा पुन्हा उघडला.

"उद्या माझ्याशी भिडणाऱ्या दिलावरचा पंजा बी ह्याच कंपनीचा हाय," दादाचे डोळे चमकले. "मैदानात मी माझा काढून ठेवतो. तू फक्त शिट्टी मार. कुस्ती आपलीच!"

"आणि असल्या हातात कुणाचं लेकरू असलं तर, येड्या?" जुई खेकसली. तिनं लगेच कंपनीच्या दोष नोंदवून घेणाऱ्या केंद्राला फोन लावला.

"दोष नोंदवला," तिथल्या बाई म्हणाल्या. "दुरुस्ती येईपर्यंत शिट्टी कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगत. पण पंजे काढून ठेवायचा निरोप आजच धाडा. तोवर मी फोन ठेवणार नाही!"

संध्याकाळी असे पंजे असलेल्या सगळ्यांच्या फोनवर निरोप आला. दुसऱ्या दिवशी मैदानात दोघंही एका हातानं भिडले, आणि हणमंतानं दिलावरला चितपट केलं. लोकांनी शिट्ट्यांनी रान उठवलं.

"जुये, शिट्टी मार की आता!" दादा ओरडला.

"दुरुस्ती येऊ दे, मग कान फुटस्तोवर मारते," म्हणत ती टाळ्याच पिटत राहिली.