प्रेक्षकांतले विष्णुपंत

"विष्णुपंत आले असतील का?" नऊवारीचा काष्टा आवळत तेजलने विचारलं.

"आले असतील," कैलासदादा म्हणाला. तो ढोलकी कानाशी धरून बोटाने ठोकून बघत होता.

"कुठे बसलेत ते तरी सांग."

"ते सांगायचं नसतं. तू सारखी तिकडेच बघशील."

उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या त्या गल्लीत दुकानांची शटरं अर्धी खाली आली होती आणि रस्त्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. गल्लीच्या मंडळाने मांजर्लीच्या सोंगी भारूड मंडळाला बोलावलं होतं. हिंदुराव गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, तरी बोलावणं त्यांनी मागे घेतलं नव्हतं.

हिंदुराव म्हणजे भारुडातली आत्याबाई. डोळ्यांवर गॉगल, हातात मोडकी छत्री, आणि दिसेल त्याला उपदेश. गाणं जेमतेम अर्धं व्हायचं, एवढ्यात कोणीतरी प्रेक्षकांतून टोमणा मारायचा आणि आत्याबाई त्याची अशी हजेरी घ्यायची, की लोक खुर्च्यांवरून घसरायचे. तेजल मागे उभी राहून धृपद म्हणायची. चैत्रात हिंदुरावांचं हृदय बंद पडलं आणि गॉगल तिच्याकडे आला.

मांजर्लीतल्या पहिल्याच कार्यक्रमात मागून कोणीतरी ओरडलं, "हिंदुराव पाहिजे." तेजलला पुढची ओळ आठवेना. ती छत्री तिथेच टाकून आत निघून गेली. तेव्हापासून ढोलकी खुंटीवर होती.

"मी शिफ्ट बदलून आलोय, सीधी बात," तुणतुणं लावता लावता सुयोग म्हणाला. तो आनंदनगरच्या कारखान्यात कामाला होता. "आज नाही जमलं तर ऑर्केस्ट्रावाल्यांना हो बोलणार. मग तुम्ही तुणतुण्याशिवाय भारूड करा."

"माझ्याशिवायही करा," तेजल म्हणाली. "आज पळाले तर गॉगल परत."

कैलासदादा ढोलकीची दोरी आवळत राहिला. तो फारसा बोलायचाच नाही. मांजर्लीतल्या निम्म्या पोरांना सायकल त्याने शिकवली होती, तेजललाही, पण शिकवताना त्याने कोणावर आवाज चढवलेला कुणाला आठवत नव्हतं.

भारूड मंडळ मोडायला आलं तेव्हा त्यानेच तिला बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली होती. टोमणे मारणारा माणूस हिंदुराव स्वतःच प्रेक्षकांत बसवायचे. तो कोण, हे मंडळातही कोणाला सांगायचे नाहीत.

"मी इतकी वर्षं मागे उभी होते, मला कसं कळलं नाही?"

"कळलं असतं तर लोक हसले असते का?"

आणि आता तिच्यासाठी त्याने विष्णुपंतांना तयार केलं होतं. अंबरनाथचे, कारखान्यातून निवृत्त झालेले, नाटकाची हौस असलेले. हे बोलणं चाललं तेव्हा हिंदुरावांच्या पत्नी बनूबाई शेजारीच टाळ पुसत होत्या. त्यांनी कैलासदादाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा टाळ पुसायला घेतले.

पडदा सरला. तेजलने गॉगल चढवला.

"आत्या निघाली बाजारात, पिशवी राहिली दारात," तिने सुरू केलं. "जगाला शिकवते हिशेब, स्वतःचं डोकं घरात."

लोक थोडे हसले. ती दुसऱ्या कडव्याकडे वळली, तोच तिसऱ्या रांगेतून एक जाडजूड माणूस उठला.

"ओ बहन, बस करो. वो बुढ्ढा किधर है? उसके लिए दुकान बंद करके आया मैं."

ढोलकीचा एक ठेका चुकला.

तेजलला मात्र हायसं वाटलं. आले एकदाचे विष्णुपंत. आणि हिंदी तरी किती अस्सल, पेन्शनर वाटतच नाहीत. तिने छत्री काखेत धरली आणि सावकाश पुढे आली.

"बुढ्ढा वर गेला, बाबा. तिथल्या लोकांनी वन्स मोअर दिलाय, म्हणून परत सोडत नाहीत."

 आधी बनूबाईंच्या तोंडून हसू फुटलं, त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि त्यांच्यामागून सगळी गल्ली हसली.

"तेरे में वो मजा नहीं," माणूस हटेना.

"मजा बसल्यावर येते, भाऊ. तू उभा आहेस म्हणून मागच्या चौघांचीही अडलीये."

मागच्या चौघांनी शिट्ट्या मारल्या. माणूस हात जोडून, हसत खाली बसला. मग एका बाईने साडीवरून टोमणा मारला, गच्चीवरून एकाने छत्रीवरून. कैलासदादाने किती माणसं बसवलीत, असं मनात म्हणत तेजल एकेकाला उत्तर देत गेली. ढोलकी आता तिच्या मागे नव्हती, बरोबर चालली होती. शेवटचं कडवं लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं.

"नवरात्रात पण तुम्हीच यायचं," गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणाला.

सुयोग तुणतुणं गवसणीत घालत होता. "पुढची तालीम माझी शिफ्ट बघून ठेवा," तो म्हणाला. "आणि तो ऑर्केस्ट्रा राहू दे."

टेम्पोत सामान चढत होतं. समोर तो जाडजूड माणूस आपल्या चादरींच्या दुकानाचं शटर ओढत होता. तेजल धावत गेली आणि वाकून नमस्कार केला.

"विष्णुपंत, तुमच्यामुळे निभावलं. मंडळात कायमचे या."

"कौन विष्णुपंत?" तो गोंधळला. "मी तर इथलाच, बेटा, हे माझंच दुकान. गुस्सा नको करू. सच में बुढ्ढ्यासाठी आलो होतो. लेकिन तू भी कम नहीं."

तेजल टेम्पोपाशी परत आली. बनूबाई आत बसून खिडकीबाहेर बघत होत्या, हसू दाबत, ओठ घट्ट मिटून.

"दादा, ते विष्णुपंत नव्हते," ती म्हणाली. "मग विष्णुपंत कुठे आहेत?"

कैलासदादाने ढोलकी हळूच टेम्पोत ठेवली.

"कोण विष्णुपंत?" तो म्हणाला.