उत्तर न आलेला प्रश्न

"ताई, आत्ता हे विचारणं बरं दिसत नाही," अकरावीतली तस्लीम दारातच म्हणाली, "पण विज्ञान शिबिराचा फॉर्म आज पाचपर्यंत द्यायचाय. सरांनी माझं शिफारसपत्र लिहिलं होतं का?"

बाबांना जाऊन बारा दिवस झाले होते. ज्युनिअर कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. शिफारसपत्रासाठी त्यांची एकच अट असे: मला उत्तर येणार नाही असा प्रश्न आणा. मुलं वर्षभर खेटे घालायची.

पत्र कुठेच सापडलं नाही. त्यांच्या वहीत मात्र शेवटच्या पानावर तस्लीमचा प्रश्न होता: 'आमच्या दारच्या चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात, पण एक फांदी तासभर उशिरा मिटते. का?' खाली बाबांचं अक्षर होतं. 'रस्त्यावरच्या दिव्यामुळे? नाही, तो पलीकडे आहे. मला माहीत नाही. सोमवारी जाऊन बघणे.'

त्या सोमवारी पहाटेच ते गेले.

वही घेऊन आम्ही दोघी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी ते पान दोनदा वाचलं.

"तीस वर्षं माझ्याशी वाद घातला या माणसानं, पण 'माहीत नाही' कधी म्हणाला नाही," ते म्हणाले. मग त्यांनी पानाची झेरॉक्स फॉर्मला जोडली आणि खाली स्वतः सही केली.

जिन्यात तस्लीम थांबली. "ताई, पण उत्तर राहिलंच की. आज याल? साडेसहाला पानं मिटायला लागतात."

बाबा गेल्यापासून संध्याकाळी मी घराबाहेर पडले नव्हते.

"येते," मी म्हटलं. "पेन आहे ना तुझ्याकडे?"