तपासणीचं जेवण

"सूप आणखी घ्या ना, साहेब," कप्तान स्तामातीस म्हणाला आणि मनातल्या मनात त्याने देवाची माफी मागितली. ते सूप त्याने मुद्दाम बिघडवून घेतलं होतं.

बुत्तिजीजसाहेबांनी चमचा तोंडात घातला. माल्टाच्या बंदरात परदेशी जहाजांची तपासणी त्यांच्याकडे होती. जहाज धोक्याचं वाटलं तर ते अडकवून ठेवायचा अधिकार त्यांना थेट राणीच्या कायद्याने दिला होता. जिने उतरायचा उत्साह मात्र कायद्याला देता आला नव्हता. साहेब जहाज तपासत ते जेवणाच्या टेबलावरून. आजही दोरशिडी चढून आल्यावर त्यांनी जहाजाच्या पत्र्याचा अंगठ्याला लागलेला गंज रुमालाला पुसला, नाक वर करून हवा हुंगली आणि सरळ खुर्ची गाठली.

स्तामातीसला जहाज अडकायलाच हवं होतं. 'अया मरिना'चा तळ गंजून चाळण व्हायच्या बेतात होता, वर गहू काठोकाठ भरलेला, आणि मालकाची तार आली होती की ताबडतोब निघा. नाही म्हणावं तर मालक त्याला हाकलून स्वतःच्या मेव्हण्याला पाठवणार. मेव्हणा असला गाढव की परातीत बसूनही समुद्रात जाईल. मग खलाशी बुडणार. त्यातले निम्मे स्तामातीसच्या बेटावरचे. त्यांच्या आया बंदरावर त्याचीच मान धरतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

"तुमची काही तक्रार?" साहेबांनी विचारलं. "असेल तर नावानिशी लिहून द्या. मालकाला नक्कल जाते."

"छे, छे! तक्रार कसली? पण आलाच आहात तर तळ बघता का? निदान बचावाच्या होड्या? त्यांत सध्या कोंबड्या आहेत."

"कोंबड्या मी पाहिल्यात."

म्हणून तर ते सूप. साहेब भडकतील आणि रागाच्या भरात खाली उतरतील, असा कप्तानाचा बेत होता. आचारी पांडेली रडकुंडीला आला होता. भट्टीत संत दिमित्रीच्या सणाचं कोकरू भाजतंय आणि पाहुण्याला भांडी विसळलेलं पाणी वाढायचं!

साहेबांनी चमचा खाली ठेवला. त्यांचा चेहरा खुलला होता.

"शाबास! जहाज ठणठणीत आहे तुमचं."

"आं?"

"इतकी वर्षं हेच करतोय, कप्तान. जहाज कुजकं असलं की जेवण झकास असतं. लपवायचं असतं ना! असलं सूप वाढायची छाती ज्याचं जहाज धड आहे त्याचीच. कुठे सही करू?"

साहेबांनी लेखणी शाईत बुडवलीसुद्धा.

"पांडेली!" स्तामातीस ओरडला. "अरे मुडद्या, कोकरू आण! वाइन आण! सगळं आण!"

सगळं आलं. साहेबांनी लेखणी ठेवली, गळ्याशी रुमाल खोचला आणि हाडं चोखून पांढरी केली. कप्तान समोर घामाघूम. एवढं खाऊन हा माणूस झोपला तर?

साहेब झोपले नाहीत. त्यांनी ढेकर दिली, कोट काढला आणि हातोडी मागितली. इंजिनाच्या खोलीत त्यांनी पहिलाच घाव घातला तो पत्र्याच्या आरपार गेला. पाण्याची चिळकांडी थेट सरकारी मिशांवर उडाली. पांडेलीने धावत येऊन भोकात बोळा कोंबला.

"जहाज अडकवलं!" साहेब गरजले.

"घोर अन्याय!" स्तामातीस त्याहून मोठ्याने गरजला, कारण मालकाच्या कानावर तेही जायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरं वाचली होती.

निघताना साहेबांच्या काखेत पांडेलीने बांधून दिलेली कोकराची मांडी होती. दोरशिडीवर ते थांबले आणि हळूच म्हणाले, "कप्तान, तळ गेलाय हे मला इथे शिडीवरच कळलं होतं. पण कोकराचा वासही इथेच आला ना!"