अर्धा फेरा

चष्म्याच्या डाव्या काडीचा स्क्रू अर्धा फेरा सैल होता. गेल्या महिन्यातही अर्धाच, त्याच्या आधीच्या महिन्यातही अर्धाच. आपोआप सैल होणारा स्क्रू इतका नेमका नसतो, हे चष्मेवाल्याला वीस वर्षांच्या धंद्यातून ठाऊक होतं. त्याने तो मुकाट्याने घट्ट केला आणि चष्मा तिच्या हातात दिला.

फ्रेम पुरुषी होती, रुंद. नवरा गेल्यावर तिने त्याच्याच फ्रेममध्ये आपल्या नंबरच्या काचा बसवून घेतल्या होत्या, याच दुकानात. चष्मा सारखा नाकावरून घसरायचा. बोलता बोलता ती तो बोटाने वर सरकवायची आणि चष्मेवाला त्या बोटाकडे पाहत राहायचा.

त्याची बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. दीड वर्षापूर्वी त्याने धीर करून हिला विचारलं होतं, "आपण लग्न करायचं का?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली होती.

उत्तर आलं नाही. दर महिन्याला सैल स्क्रू तेवढा आला. ती समोर बसायची, आणि मध्ये असायची ती फ्रेम. यावरून नकारच समजून घ्यावा, असं तो मनाला बजावायचा. मन कुठलं ऐकतंय! संध्याकाळी काउंटरची काच पुसताना तिच्या कोपराचा ठसा तेवढा तो राहू द्यायचा.

आज तिच्या सासूबाई सोबत होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता आणि त्यांना नवा चष्मा हवा होता.

"ड्रॉवरमधल्या गोंदाचा एक थेंब लावला की स्क्रू पुन्हा सैलच होत नाही," चष्मेवाल्याची मुलगी गृहपाठाच्या वहीतून मान वर न करता म्हणाली. "बाबा सगळ्यांना लावतात. फक्त मावशींना नाही."

चष्मेवाल्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

"एकट्या बाबांना कशाला बोलतेस, चिमणे," सासूबाई म्हणाल्या. "ही पण महिना भरला की सुरी घेऊन बसते. इतके दिवस मला वाटायचं, बटाटे सोलतेय. आता दिसायला लागलं."

मुलगी खुदकन हसली. सून मान खाली घालून बसली होती. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि काउंटरवर ठेवला.

"माझ्या काचा यात बसवा."

"आई, ती यांची..."

"माझ्या मुलाचीच ना? मग मी वापरते. तू तुझ्या मापाची घे. आणि माझी काळजी करू नकोस. राहीन मी एकटी."

चष्मेवाल्याने तिच्या डोळ्यांमधलं अंतर मोजायला पट्टी घेतली. एकसष्ट मिलिमीटर. पुन्हा मोजलं, तर त्रेसष्ट भरलं. त्याने तिसऱ्यांदा पट्टी धरली.

चष्म्याशिवाय तिला सगळं पुसट दिसत होतं. चाचपडत तिने सासूबाईंचा हात शोधला आणि घट्ट धरला. मग चष्मेवाल्याचा चेहरा असेल त्या दिशेला पाहत म्हणाली,

"तुम्ही विचारलं होतं ना? आम्ही दोघी येऊ."