लेबल तेवढं जुनं

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ ईशानीने शाळेच्या वर्कशॉपमध्ये काचेचे व्हॉल्व्ह काढून, ट्रान्झिस्टर बसवून आतून पार नवाकोरा केला. पाठीमागचं लेबल मात्र तिने जिवापाड जपलं. रेडिओ बनवणाऱ्या कंपनीने दर व्हॉल्व्हमागे पेटंटची रॉयल्टी भरून मिळवलेला परवाना छापला होता त्यावर!

"बघा आजोबा, लेबल एकदम ओरिजिनल! आता लावा तर खरं!"

आजोबांनी बटण फिरवलं आणि सवयीने मान किचनकडे वळवली. तेवढ्यात रेडिओ खणखणीत बोलू लागला. त्यांनी तो हळूच बंद केला.

"आवडला नाही का हो?"

"झकास झालाय गं. पण व्हॉल्व्ह तापून आवाज येईपर्यंत तुझी आजी हात पुसत यायची. ती गेली, तरी तेवढा वेळ मला वाटायचं, येतेच आहे."