रुसलेला डबा

दिवसभर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठव-बसव करून लॉर्नाच्या कमरेचा काटा ढिला व्हायचा. तरी घरी येताच धुण्याला भिडायची तिची खोड काही जात नव्हती. पण हल्ली ती दारात दिसली रे दिसली की तिचा नवरा डेस रिमोट नाचवत म्हणायचा, "बरं झालं आलीस. हा डबा पुन्हा रुसलाय बघ."

डबा म्हणजे मुलानं पर्थहून सिनेमे भरून पाठवलेली हार्ड डिस्क. टीव्हीवर नुसता निळा उजेड.

"अरे, जन्मभर खाणीतली यंत्रं दुरुस्त केलीस ना तू? एक वायर लावता येत नाही?" करवादत ती सोफ्यावर बसायची, वायर खोचायची, फाइल शोधायची. तेवढ्यात डेस तिच्या हातात चहाचा मग द्यायचा, पायांखाली स्टूल सरकवायचा. मग उठणं जिवावर यायचं. धुणं राहायचं तसंच.

आज तिची गाडी बिघडली म्हणून कामावरच्या सोबतिणीनं तिला घरामागच्या गल्लीत सोडलं. मागच्या जाळीच्या दारातून लॉर्ना पाहते, तर टीव्हीवर सिनेमा झकास चाललेला. डेसनं घड्याळाकडे पाहिलं, सिनेमा थांबवला, वायर काढून ठेवली आणि चहाचं आधण चढवायला गेला.

लॉर्ना पाय न वाजवता मागे फिरली. घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आली, मुद्दाम किल्ल्या खुळखुळवल्या आणि रोजच्याच वैतागानं म्हणाली, "आजही रुसलाय का रे तुझा डबा?"