दोन खुर्च्या सोडून

फोन आला तेव्हा मॅनेजर थिएटरच्या दारावर साथीमुळे चित्रपट महोत्सव स्थगित झाल्याची सूचना चिकटवत होता. पलीकडे महोत्सवासाठी परदेशातून आलेल्या दिग्दर्शिकाबाईंचा मुलगा होता. दोघांनी जमेल तशा मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलून घेतलं. सूचना एका कोपऱ्यावर तशीच लोंबत ठेवून मॅनेजर आत आला.

"काका, बाईंचे मिस्टर गेले. आज पहाटे. तिकडेही हीच साथ."

बाईंसाठी नेमलेल्या दुभाष्याने हातातले संवादांचे कागद बाजूला ठेवले.

"मुलगा म्हणतो, ते दवाखान्यात आहेत एवढंच आईला माहीत आहे. विमानं बंद, ती परक्या मुलखात एकटी. निघायच्या दिवशी सांगा म्हणतो, आधी नको."

"आणि तोवर तिने मला विचारलं तर?"

"विचारणारच. तिची भाषा इथे तुमच्याशिवाय येते कोणाला?"

"मला खोटं बोलता येत नाही हो. बायको म्हणते, तुम्ही नुसते गप्प बसलात तरी पकडले जाता."

"मग काकूंनाच विचारा कसं बोलायचं ते," मॅनेजर म्हणाला आणि लगेच ओशाळला. काकू दुसऱ्या शहरात, दवाखान्यात, ऑक्सिजनवर होत्या. रस्ते बंद, त्यामुळे दुभाष्याला जाता येत नव्हतं. तिकडे असलेली त्याची मुलगी रोज संध्याकाळी फोन करून खबर द्यायची.

बाकीचे पाहुणे शेवटच्या विमानांनी गेले होते. बाई तेवढ्या अडकल्या. बाई आणि दुभाष्या उतरले होते त्या गेस्टहाऊसच्या खोल्या लहान, म्हणून बसायचं ते थिएटरच्या रिकाम्या सभागृहात, मध्ये दोन खुर्च्या सोडून.

दुसऱ्या सकाळी बाई म्हणाल्या, "माझा फोन बंद पडलाय. मॅनेजरकडे घरून काही निरोप?"

दुभाष्याला आदल्या संध्याकाळी मुलीने आईबद्दल सांगितलेलं तेवढं आठवलं. "बरे आहेत. थोडं सूप प्यायले. खिडकीजवळची खाट मिळालीय."

"सूप? जन्मात कधी सुपाला हात लावला नाही त्यांनी."

"दवाखान्यात आपल्याला कोण विचारतं, बाई. पुढ्यात येईल ते प्यायचं."

बाई हसल्या. त्याला हायसं वाटलं.

मग तसंच सुरू झालं. संध्याकाळी मुलगी आईचं सांगे, सकाळी तो तेच बाईंना नवऱ्याचं म्हणून सांगे. नर्सशी हुज्जत घातली. उशी हलकी नाही म्हणून कुरकुर केली. एकदा तर तो सांगून बसला, "आज केस विंचरून घेतले."

"त्यांना टक्कल आहे," बाई म्हणाल्या.

"मग राहिले असतील तेवढे."

पुढे पुढे बाईंनी चुका काढायचं सोडलं. त्याने सांगितलं की मिस्टर गाणं गुणगुणत होते, तर त्या खोदून खोदून विचारू लागल्या. कुठलं गाणं? आणि तुमची बायको गुणगुणते का? कधी, काम करताना? तिच्याबद्दल सांगा ना अजून.

तोही सांगत राहिला. ती एकच ओळ दिवसभर कशी म्हणते, पुढची विचारली की कशी चिडते. कुलूप लावून निघाल्यावर अर्ध्या वाटेवरून परत कशी येते. बाई त्याच्याकडे पाहत शांतपणे ऐकायच्या.

मॅनेजरची थट्टामस्करीही थांबली होती. चहा स्वतः आणून द्यायचा आणि तोंडाकडे न बघता निघून जायचा. साथीने सगळेच हळवे झालेत, असं दुभाष्याला वाटलं.

"आईला फोन दे की एकदा," तो मुलीला म्हणायचा.

"झोपलीय बाबा. आता कुठे डोळा लागलाय. तुम्ही जेवलात का?"

एका दुपारी मॅनेजरने त्या दोघांसाठीच बाईंचा सिनेमा लावला. छायाचित्रण त्यांच्या मिस्टरांनी केलं होतं. महोत्सवात जसे ऐकवणार होता तसेच दुभाष्याने माईकवरून सगळे संवाद रिकाम्या खुर्च्यांना ऐकवले. शेवटी बाईंनी एकटीने टाळ्या वाजवल्या.

"सिनेमासाठी नाहीत हं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी."

मग रस्ते खुले झाले. दुभाष्यासाठी सकाळची गाडी ठरली. बाईंचं विमान दुपारी होतं. तो शेवटचा त्यांच्यासमोर बसला. रात्रभर वाक्यं जुळवली होती.

"बाई, तुमचे मिस्टर..."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला होता. त्याला पोटात ठेववेना. माझा फोन कधी बंद पडलाच नव्हता."

"मग रोज मला का विचारायचात?"

"तुमच्या तोंडून ते रोज थोडे जेवायचे."

दुभाष्याने चष्मा काढून पुसला. मग लहान मुलासारखा हसला. "घरी गेलो की हे सगळं बायकोला सांगणार. मी इतके दिवस खोटं बोललो यावर तिचा विश्वासच बसणार नाही."

बाई मधल्या दोन खुर्च्या ओलांडून त्याच्या शेजारी येऊन बसल्या. त्याचा हात हातात घेतला. काही बोलणार, तोच बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तो घाईने उठला, वाकून नमस्कार केला आणि बॅग उचलून गेला.

बाई दारापर्यंत आल्या. मॅनेजर पायरीवर उभा होता. त्याने त्यांच्या मुलाला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"सांगितलंस त्यांना?" मुलाने विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. दुभाष्याची बायको जाऊन कितीतरी दिवस झाले होते. मुलीने मॅनेजरला, मॅनेजरने फोनवर बाईंच्या मुलाला आणि मुलाने बाईंना विनवलं होतं, की निघण्याआधी त्याच्याजवळ बसून त्याला हे सांगावं. ते सांगायचं राहून गेलं.